रिडेव्हलपमेंटमध्ये सिमेंटचा कार्बन कमी करायचा, तर सभासदांनी बिल्डरकडे नेमकं काय मागायचं?

पाचपाखाडीकर
शनिवार, सकाळी ९:४०

नमस्कार मंडळी,

आमची सोसायटी ठाण्यात, पाचपाखाडीत. १९८१ सालची इमारत, तळमजला आणि वर चार मजले, ३२ बिऱ्हाडं. रिडेव्हलपमेंटचा ठराव झाला, बिल्डर ठरला, करारनाम्याचा मसुदा सध्या वकिलांकडे आहे. मसुद्याला पर्यावरणाचं एक परिशिष्ट जोडलंय. गच्चीवर २० किलोवॅटची सोलर, पावसाचं पाणी जिरवायचे खड्डे, ओल्या कचऱ्याचं खत, गाड्यांच्या चार्जिंगचे पॉइंट. हे सगळं हवंच, त्यावर वाद नाही. पण ज्या वस्तूने अख्खी इमारत उभी राहणार, तिच्याबद्दल त्यात अवाक्षर नाही.

मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो. तीस वर्षं फळ्यावर तेच समीकरण लिहिलं. चुनखडी तापवली की कळीचा चुना आणि कार्बन डायऑक्साइड. १०० ग्रॅम चुनखडीतून ५६ ग्रॅम चुना उरतो, ४४ ग्रॅम वायू उडून जातो. सिमेंटच्या भट्टीत १४५० अंशांना क्लिंकर, म्हणजे दळून ज्याचं सिमेंट होतं ते खडे, तयार होतो तेव्हा मुळात हेच घडतं. भट्टीत कोळशाऐवजी दुसरं काहीही जाळा, हा वायू सुटणारच, कारण तो दगडात आहे. सिमेंटच्या कार्बनपैकी साधारण ६० टक्के हा असा दगडातला, बाकीचा इंधनाचा. जगभरात माणूस जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतो त्यातला ७ ते ८ टक्के वाटा सिमेंटचा आहे.

परवा रात्री वही घेऊन बसलो. नवी इमारत सुमारे ६०,००० चौरस फूट बांधकामाची. त्याला ढोबळमानाने २५०० घनमीटर काँक्रीट. घनमीटरला ३८० किलो सिमेंट धरलं तर ९५० टन. सगळं साधं ओपीसी, म्हणजे राख वगैरे न मिसळलेलं सिमेंट, आणि टनामागे ८५० किलो कार्बन धरला तर झाले ८०० टन. आता सोलर: वर्षाला २८,००० युनिट, युनिटमागे ०.७ किलो, म्हणजे वर्षाला जेमतेम २० टन वाचले. स्लॅब भरताना जे हवेत सोडणार ते भरून काढायला त्या सोलरला ४० वर्षं लागतील!

आकडा बघून झोप लागली नाही. बांधकाम क्षेत्रातल्या सभासदांना हात जोडून विचारतो: करारात अशी काय अट घालता येईल, जी बिल्डर पाळू शकेल आणि आम्हाला तपासता येईल?

नेरुळची मंजिरी
शनिवार, सकाळी १०:१५

सर, आकडे वाचून धक्का बसला. आमच्या सोसायटीत सोलरवर तीन सभा झाल्या, सिमेंट कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

एक भाबडा प्रश्न. दुकानात पीपीसी नावाच्या सिमेंटच्या गोणी मिळतात, त्यात औष्णिक केंद्रातल्या कोळशाची राख असते म्हणतात. ते सिमेंट कमी ताकदीचं असतं का? आमच्या दुरुस्तीच्या वेळी ठेकेदार म्हणाला होता, "मॅडम, प्लास्टरला पीपीसी चालेल, आरसीसीला ओपीसीच घ्या."

मिस्त्री नंदू
शनिवार, दुपारी २:०५

मंजिरीताई, हे वाक्य मी बावीस वर्षं साइटवर ऐकतोय. आधी मुकादम होतो, आता सुपरवायझर, घणसोली-ऐरोली पट्ट्यात. पीपीसी कमजोर नसतं. ते सावकाश चढतं. सात दिवसांच्या क्यूबला, म्हणजे ताकद तपासायच्या काँक्रीटच्या ठोकळ्याला, ओपीसी पुढे असतं, २८ दिवसांना पीपीसी जवळपास गाठतं, आणि त्यानंतरही त्याची चढण चालूच राहते. ठेकेदाराला ते नको असतं कारण त्याला सेंट्रिंग लवकर खोलून वरच्या मजल्यावर न्यायचं असतं. प्लेटा आणि टेकू भाड्याचे, दिवसाचा मीटर चालू.

दुसरं कारण पाणी. राखेच्या किंवा स्लॅगच्या, म्हणजे पोलाद कारखान्यातल्या भट्टीच्या मळीच्या, काँक्रीटला पाणी जास्त दिवस मारावं लागतं. ओपीसीला किमान ७ दिवस, मिश्र सिमेंटला किमान १०, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ऊन आणि कोरडा वारा असला तर १४. काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस ४५६ मध्येच लिहिलंय. आता साइटवर काय होतं ते सांगतो. पाणी मारायचं काम वॉचमनकडे. तो सकाळी पाइप फिरवतो, अकरापर्यंत स्लॅब पांढराफटक. कॉलमला बारदान गुंडाळलेलं असतं पण त्यावर कुणी हात लावून बघत नाही. दुपारी तीनला हात लावा, पापडासारखं कडकडीत लागतं.

ऐरोलीच्या एका साइटवर मी दोन कॉलम शेजारीशेजारी बघितले. माल एकाच गाडीतला, भरले एकाच सकाळी. एक जिन्याच्या सावलीत होता आणि त्याचं बारदान ओलं राहायचं, दुसरा पश्चिमेच्या कडेला. महिन्याने किल्लीने ओरखडा मारला. सावलीतल्यावर नुसती चकचकीत रेघ उठली. पश्चिमेच्या कॉलमवरून पिठी सांडली, बोटाला लागली. तेव्हापासून पाणी मारायच्या माणसाला मी वेगळा रोज लावून घेतो, त्याला दुसरं काम सांगू देत नाही.

तेव्हा सर, अट घालायची तर आधी पाण्याची घाला. कमी कार्बनचं सिमेंट लिहून घ्याल आणि पाणी पाच दिवस माराल, तर ओपीसी बरं होतं म्हणायची पाळी येईल.

घोडबंदरचा राहुल
शनिवार, दुपारी ३:३०

आणि घाई फक्त बिल्डरला असते असं नाही हं. आमच्या बिल्डिंगचं काम चालू होतं तेव्हा व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज सकाळी एकच प्रश्न: कितवा स्लॅब झाला?

अवंती स्ट्रक्चरल
शनिवार, रात्री ९:५०

पाचपाखाडीकर सर, मी आरसीसी डिझाइन करते, ऑफिस वाशीला. तुमचा हिशेब ढोबळ असला तरी दिशा बरोबर आहे. फक्त एक दुरुस्ती: ठाण्यात आता बहुतेक काँक्रीट आरएमसी, म्हणजे तयार काँक्रीटच्या, प्लांटमधून येतं, गोणीतून नाही. प्लांटवाले ओपीसीत राख किंवा जीजीबीएस म्हणजे भट्टीचा दळलेला स्लॅग मिसळतात. त्यामुळे तुमचे ८०० टन हा वरचा टोकाचा आकडा समजा. पण किती मिसळायचं हे ग्राहक विचारत नाही, म्हणून प्लांट स्वतःच्या सोयीने ठरवतो.

माझ्या अनुभवात कार्बन तीन ठिकाणी दडलेला असतो.

पहिलं ठिकाण नकाशा. सिमेंटचा प्रकार बदलण्याच्या कितीतरी आधी काँक्रीट किती लागणार हे ठरून गेलेलं असतं. खाली तीन-चार पोडियम, म्हणजे पार्किंगचे मजले, आणि वर घरं, असं असलं की पार्किंगसाठी कॉलम एका जागी हवेत, खोल्यांसाठी दुसऱ्या. मग वरच्या कॉलमचा भार खालच्या कॉलमवर न्यायला मध्ये ट्रान्स्फर गर्डर टाकावे लागतात. दीड-दोन मीटर खोलीचे हे गर्डर म्हणजे काँक्रीट आणि सळीचा नुसता डोंगर. आर्किटेक्टने पहिल्या महिन्यात आरसीसीवाल्याला सोबत बसवलं आणि कॉलम सरळ खालपर्यंत उतरवले, तर तिथे जे वाचतं ते नंतर कुठल्याही हिरव्या सिमेंटने वाचत नाही. करारात लिहा की प्लॅन पालिकेत दाखल होण्याआधी काँक्रीटचं प्रमाण, प्रति चौरस मीटर किती घनमीटर, सभासदांना दाखवायचं.

दुसरं ठिकाण पाया. राफ्ट (पायाचा सलग जाड स्लॅब) आणि पाइल कॅप (जमिनीत उतरवलेल्या खांबांवरचा ठोकळा) यांवर पूर्ण भार यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. मग त्यांची ताकद २८ दिवसांतच का मोजायची? आरसीसी कन्सल्टंट तयार असेल तर ५६ दिवसांची ताकद धरून मिक्स करता येतं आणि स्लॅग ५० टक्क्यांपर्यंत आरामात जातो. शिवाय जाड राफ्टमध्ये ओपीसी भरपूर तापतं, आत-बाहेरच्या तापमानातल्या फरकाने तडे जातात. स्लॅगने ती उष्णता कमी होते. म्हणजे कार्बनचा विचार केला नाही तरी राफ्टला स्लॅगच योग्य.

तिसरं ठिकाण स्लॅब. नंदूदादांचं म्हणणं इथे पूर्ण खरं आहे. स्लॅबला मी २५ ते ३० टक्के राख किंवा ३५-४० टक्के स्लॅग सुचवते आणि ठेकेदाराला मजल्यामागे दोन-तीन दिवस जास्त देते. अॅल्युमिनियम फॉर्मवर्कने आठवड्याला मजला उचलायचा असेल तर हे जमणार नाही, आणि त्यात विटांच्या भिंतीसुद्धा काँक्रीटच्या होतात हे लक्षात ठेवा.

आणखी एक. आपण खाडीकाठची माणसं. ठाणे, ऐरोली, वाशी, सगळीकडे खारी हवा. क्लोराइड आत शिरून सळी गंजते हा आपला मुख्य शत्रू, आणि स्लॅगचं काँक्रीट क्लोराइडला नुसत्या ओपीसीपेक्षा चांगलं अडवतं.

कळव्याचा प्रकाश
रविवार, सकाळी ८:२०

अवंतीताई, पोडियम नको म्हणता, मग गाडी काय दिवाणखान्यात लावू? 🙂

हसण्याचा भाग सोडा, प्रश्न खरा आहे. पार्किंग नसलं तर फ्लॅट विकला जात नाही असं प्रत्येक बिल्डर सांगतो.

अवंती स्ट्रक्चरल
रविवार, सकाळी ९:०५

गाडी लावा हो. पण पाचपाखाडीतून स्टेशन चालत वीस-पंचवीस मिनिटं. ३२ जुन्या घरांपैकी कितींकडे दोन गाड्या आहेत ते आधी मोजा. नियमाने लागतात त्याहून जास्त पार्किंग बिल्डर विक्रीसाठी बांधतो आहे का, एवढं विचारलं तरी पुरे. एका गाडीची जागा, तिचा रॅम्प, वळण, सगळं मिळून ३० चौरस मीटरच्या आसपास स्लॅब जातो. एका लहान घराएवढा.

जुना ठाणेकर
रविवार, सकाळी ११:३०

चर्चा वाचून आजोबांची आठवण झाली. आजोबा गवंडी. नौपाड्यातले कितीतरी जुने वाडे त्यांच्या हातचे, आता एकही उभा नाही. ते सांगायचे, त्यांच्या उमेदीत सिमेंट म्हणजे महागाची वस्तू. चुना घाणीत दळायचा. गोल चर, मध्ये खांब, बैल फिरतो आहे आणि दगडी चाक चुन्यावरून जातं आहे. त्यात सुरखी घालायची, म्हणजे भाजलेल्या विटांची भुकटी. साध्या चुन्याला पाण्याखाली घट्ट होता येत नाही, सुरखी घातली की होतो. विहिरीच्या कडेला, हौदाला, न्हाणीघराला सुरखीचाच चुना. सुरखी जिभेवर ठेवून बघायची, चिकटली तर चांगली भाजलेली. हे त्यांनी मला लहानपणी करायला लावलं होतं. जीभ दिवसभर लाल.

आणि हे काही खेड्यातलं किरकोळ तंत्र नव्हे. १८९५चं मुल्लपेरियार धरण चुना आणि सुरखीत बांधलं, म्हैसूरजवळचं कृष्णराजसागरही सुरखीचं. आजही पाणी अडवून उभी आहेत.

धागा भरकटवला असेल तर क्षमा.

अवंती स्ट्रक्चरल
रविवार, दुपारी १:१०

काका, धागा अजिबात भरकटला नाही. तुम्ही नेमकं पुढच्या सिमेंटचं वर्णन केलंत!

एलसी३ नावाचं सिमेंट आहे. त्यात क्लिंकर निम्मंच. ३० टक्के भाजलेली माती, १५ टक्के न भाजलेली चुनखडीची पूड, ५ टक्के जिप्सम. माती ७०० ते ८५० अंशांना भाजते, १४५०ची गरज नाही, आणि मातीतून भाजताना सुटते ती वाफ, कार्बन नाही. माती आणि चुनखडीची पूड दोघी मिळून पुढे जी रसायनं बनवतात त्यांनी छिद्रं बारीक होतात. ओपीसीच्या तुलनेत कार्बन ४० टक्क्यांपर्यंत उतरतो. स्वित्झर्लंडच्या ईपीएफएल या तंत्रविद्यापीठातल्या कॅरेन स्क्रिव्हनर, क्यूबातले फर्नांडो मार्तिरेना आणि आपल्याकडे आयआयटी दिल्ली, आयआयटी मद्रास यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं. भारतीय मानकही आलं, आयएस १८१८९, २०२३ साली.

म्हणजे सुरखीच. फक्त कुठली माती, किती भाजायची, किती दळायची हे आता मोजून केलं जातं. केओलिन, म्हणजे चिनी मातीतलं खनिज, असलेली साधारण दर्जाची माती लागते, भांड्यांच्या कारखान्यांना नको असलेली चालते.

पाचपाखाडीकर
रविवार, दुपारी ४:४५

जुना ठाणेकर, जिभेची ती परीक्षा वर्गात सांगायला मिळायला हवी होती. नीट भाजलेल्या मातीतली सूक्ष्म छिद्रं ओल शोषून घेतात म्हणून ती जिभेला चिकटते. तुमच्या आजोबांची प्रयोगशाळा तोंडातच होती.

अवंती, एलसी३ बद्दल आमच्या नेहमीच्या दुकानदाराला आज विचारलं. त्याने नावही ऐकलं नव्हतं. त्यामुळे आमच्या करारात ते 'उपलब्ध असेल तर' एवढंच घालता येईल असं दिसतं.

बॅचिंग प्लांट
रविवार, रात्री १०:३०

मी आरएमसी प्लांटवर क्वालिटीला आहे, तुर्भे बाजूला. नाव सांगत नाही. दोन गोष्टी अजून कुणी बोललं नाही.

एक, भीतीचं सिमेंट. एम३०, म्हणजे २८ दिवसांना ३०ची ताकद देणारं काँक्रीट, मागितलं तर आयएस १०२६२ या मिक्सच्या मानकाच्या हिशेबाने सरासरी ३८ची ताकद धरून मिक्स करायचं. प्रत्यक्षात कित्येक प्लांट ४५ येईल असं करतात. का? कारण पुढे काय होणार याचा भरवसा नसतो. गाडी दुपारी निघते, गायमुखच्या घाटात अडकते, दीड तासाने साइटवर पोचते तेव्हा माल घट्ट झालेला. साइटवाला ड्रायव्हरला सांगतो, पाणी मार. ड्रायव्हर पाइप लावतो. शंभर लिटर पाणी गेलं की ताकद पडते, आणि क्यूब फेल झाला की दोष प्लांटवर. म्हणून प्लांट आधीच घनमीटरला ३०-४० किलो सिमेंट जास्त घालून मोकळा होतो. तुमच्या २५०० घनमीटरला हे ७५ ते १०० टन सिमेंट झालं, कुणाच्याही उपयोगाचं नसलेलं. साइटवर पाणी घालायची सक्त मनाई, माल घट्ट वाटला तर फक्त केमिकलचा डोस, तोही प्लांटच्या माणसासमोर, आणि प्रत्येक गाडीचा स्लंप, म्हणजे माल किती सैल आहे त्याचं माप, गाडीसोबतच्या चलनावर लिहायचा. एवढं केलंत तर प्लांटला सिमेंट कमी करायची हिंमत येते.

दोन, उरलेला माल. स्लॅब संपत आला की सुपरवायझर अंदाजे गाडी मागवतो. अर्धा-पाऊण घनमीटर उरतो, तो कुठेतरी ओततात. दर स्लॅबला असं झालं तर इमारत संपेपर्यंत दोन-तीन गाड्या मातीत. त्या मालाचे सळीखाली ठेवायचे कव्हर ब्लॉक, चेंबरची झाकणं, कर्बस्टोन करता येतात. साचे तयार ठेवायचे, बस.

स्लॅगबद्दल: आपल्याला डोलवीचा जवळ आहे, पेणच्या पुढे. राख डहाणूची, नाशिकच्या एकलहऱ्याची. क्लिंकर मात्र चंद्रपूर, गुजरात किंवा कर्नाटकातून शेकडो किलोमीटर येतो. ठाणे जिल्ह्यात चुनखडीच नाही. त्यामुळे आपल्या भागात स्लॅग घालायचा नाही म्हणणाऱ्याकडे कारण काय असतं ते मला अजून समजलेलं नाही.

तळोज्याची सई
सोमवार, सकाळी ७:५५

इथे एक शंका मांडते, कुणी राग मानू नये. पोलाद कारखान्यांचा चांगला स्लॅग आजच बहुतेक सगळा वापरला जातो. मग आमच्या सोसायटीने जास्त स्लॅग मागितला तर तो दुसऱ्या कुणाच्या काँक्रीटमधून कमी होणार आणि तिथे क्लिंकर वाढणार. आपल्या कागदावर कार्बन कमी, हवेत तेवढाच. खरा बदल कारखान्यात व्हायला हवा. नॉर्वेत ब्रेविकच्या कारखान्यात २०२५ पासून धुराड्यातला कार्बन पकडून समुद्रतळाखाली साठवायला सुरुवात झाली आहे, वर्षाला ४ लाख टनांची क्षमता. आपल्याकडेही २०२५च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने सिमेंट कारखान्यांना उत्सर्जनाची लक्ष्यं ठरवून दिली. ३२ घरांच्या सोसायटीने एवढा जीव टाकून काय होणार?

अवंती स्ट्रक्चरल
सोमवार, सकाळी ९:३०

सई, स्लॅगबद्दल तुझं बरोबर आहे, आणि मी ते आधीच लिहायला हवं होतं. म्हणून माझा भर स्लॅगपेक्षा कमी काँक्रीटवर आहे. न ओतलेला घनमीटर कुणाच्या वाट्यातून काढलेला नसतो. बॅचिंग प्लांट यांनी सांगितलेलं भीतीचं सिमेंटही तसंच. राखेचं गणित मात्र वेगळं आहे. औष्णिक केंद्रांच्या तळ्यांत राखेचे डोंगर पडून आहेत, ती अजून कितीतरी वापरता येईल.

पण "काय होणार" हे मान्य नाही. नौपाडा, पाचपाखाडी, वर्तकनगर, कोपरी, वाशी, नेरुळ... पुढच्या दहा वर्षांत इथल्या किती इमारती पाडून बांधल्या जाणार आहेत ते डोळ्यांसमोर आण. मी एका क्लायंटसाठी ५६ दिवसांचं मिक्स केलं, तर त्याच ठेकेदाराने पुढच्या साइटवर ते स्वतःहून मागितलं, कारण त्याचा राफ्ट तडकला नव्हता.

वाशी सेक्टर दहा
सोमवार, दुपारी १२:४०

पाडायच्या इमारतीच्या डेब्रिजचं काय? तेच काँक्रीट चुरून नव्यात घातलं तर सिमेंट वाचेल ना? आमच्याकडे रात्री डंपर येतात आणि खाडीच्या कांदळवनात रिकामे होतात, ते बघून जीव तुटतो.

बॅचिंग प्लांट
सोमवार, दुपारी २:२०

जुन्या काँक्रीटची खडी होते, सिमेंट होत नाही. त्यामुळे कार्बन फारसा वाचत नाही, कारण खडीचा कार्बन मुळातच थोडा. वाचतो तो डोंगर. पारसिकच्या डोंगराचे खाणींनी केलेले लचके ठाणे-बेलापूर रोडवरून दिसतात, ते बघितले की कळतं. आयएस ३८३ या खडीच्या मानकाप्रमाणे चुरलेल्या काँक्रीटची खडी एम२५ पर्यंतच्या आरसीसीत २० टक्के, साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के आणि एम१५ खालच्या पीसीसीत, म्हणजे पायाखालच्या बिनसळीच्या थरात, १०० टक्केही चालते. तुमच्या इमारतीखालची पीसीसी, आवारातले पेव्हर ब्लॉक, भराव, एवढं त्यातून सहज होईल. पाडकामाच्या ठेकेदाराकडून प्रत्येक डंपरची प्रक्रिया केंद्रावरची पोच पावती घ्या. पावती नाही तर पैसे नाहीत.

नेरुळची मंजिरी
सोमवार, रात्री ८:१५

सगळे नवीन कसं बांधायचं बोलताहेत म्हणून विचारते. सर, तुमची इमारत स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये सी-२ए वर्गात आली असणार. सी-२ए म्हटलं की इमारत रिकामी करून दुरुस्त करता येते ना? पाडायचीच का? आमची १९९२ची इमारत आम्ही दुरुस्त केली, कॉलमला जॅकेटिंग केलं, म्हणजे बाहेरून नवा थर चढवला. न पाडलेल्या इमारतीचा कार्बन सगळ्यांत कमी.

पाचपाखाडीकर
सोमवार, रात्री ११:००

मंजिरी, ऑडिटचा वर्ग तुम्हाला कसा कळला? मी लिहिला नव्हता. पण अंदाज बरोबर आहे, सी-२ए.

हा प्रश्न मी स्वतःला फार वेळा विचारला आहे. ऑडिटच्या दिवशी मी गच्चीच्या जिन्यात उभा होतो. त्या मुलाने कॉलममधून मनगटाएवढा जाड कोअर काढला, पुसला आणि त्यावर फिनॉल्फ्थॅलिन फवारलं, अल्कली असेल तिथे गुलाबी होणारं. जन्मभर जे बाटलीत हाताळलं ते माझ्याच घराच्या तुकड्यावर. आतला गाभा क्षणात गुलाबी झाला. बाहेरची चार सेंटिमीटर तशीच करडी राहिली. म्हणजे चाळीस वर्षांत हवेतला कार्बन डायऑक्साइड तेवढा आत शिरला होता, चुन्याचा परत दगड झाला होता, आणि ज्या अल्कलीने सळी सुरक्षित राहते ती तिथे उरली नव्हती. सळी त्या करड्या भागातच होती. भट्टीत उडालेला वायू थोडाथोडा परत येतो हे पुस्तकात शिकवलं होतं. तो परत येताना सळी खातो हे त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

तरीही दुरुस्ती शक्य होती. मी तिच्या बाजूने मत दिलं. ३२ पैकी ९ मतं पडली. चार मजले लिफ्टशिवाय चढणारी म्हातारी माणसं आहेत, त्यांचं म्हणणं मला खोडता आलं नाही. म्हणून आता जे बांधायचं ते नीट बांधायचं, एवढंच माझ्या हातात उरलं आहे.

अवंती स्ट्रक्चरल
मंगळवार, सकाळी १०:१०

सरांच्या कोअरवरून एक महत्त्वाचं. राख-स्लॅगच्या काँक्रीटमध्ये पाणी नीट मारलं नाही तर ही करडी सीमा ओपीसीपेक्षा लवकर आत सरकते. म्हणून कव्हर, म्हणजे सळीवरचा काँक्रीटचा थर, पुरेसा हवा. कव्हर ब्लॉक साइटवर मोजून घ्या, सळीखाली खडीचा तुकडा सरकवलेला चालवू नका. स्लॅग, पाणी, कव्हर, या तिन्हींना एकमेकांपासून तोडता येत नाही.

पाचपाखाडीकर
पुढचा रविवार, संध्याकाळी ६:३०

मंडळी, काल बिल्डर, त्यांचा आरसीसी कन्सल्टंट आणि आमची कमिटी, अशी तीन तास बैठक झाली. तुमचे प्रतिसाद छापून नेले होते.

मान्य झालं: राफ्ट आणि पाइल कॅपला ५० टक्के स्लॅग, ताकद ५६ दिवसांची. बाकी सगळीकडे किमान ३० टक्के राख किंवा स्लॅग. प्रत्येक गाडीचं चलन मिक्सच्या तपशिलासह आमच्या प्रतिनिधीला. साइटवर पाणी घालायला बंदी. डेब्रिजची पोच पावती. पाणी मारायला वेगळा माणूस, १४ दिवस, आणि त्याची वही. नंदूंच्या ओरखड्याची गोष्ट वाचून दाखवली तेव्हा बिल्डरचे वयस्कर भागीदार म्हणाले, "हे आमच्या वडिलांच्या वेळी असायचं." तिथे गाडी वळली.

अर्धवट राहिलं: पोडियम तीनवरून दोनवर आणायचा. आमच्या ३२ घरांत मिळून १९ गाड्या निघाल्या. हा आकडा घेऊन आर्किटेक्ट पुन्हा नकाशा मांडणार आहे. ट्रान्स्फर गर्डर त्यातच सुटतील का, ते महिन्याभरात कळेल.

मान्य झालं नाही: मजल्यामागे तीन दिवस जास्त. त्यांनी एक दिवस दिला. काम चालू असताना सभासद राहतील त्या घरांचं भाडं त्यांनाच भरायचं आहे, त्यामुळे फार ताणता आलं नाही. सभासदांनी शेवटच्या महिन्याचं भाडं सोडायचं आणि त्याबदल्यात स्लॅबमागे दोन दिवस घ्यायचे, असा प्रस्ताव मी पुढच्या सभेत मांडणार आहे. राहुल, तुमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपची आठवण ठेवूनच मांडेन.

आता एक काम शिकायचं आहे. चलन आणि स्लंप तपासायला प्रतिनिधी म्हणून माझंच नाव दिलंय. बीकर धरलेला हात आहे, स्लंप कोन कधी धरला नाही.

मिस्त्री नंदू
पुढचा रविवार, रात्री ९:२०

सर, तीन थरांत भरायचा, प्रत्येक थराला सळईने २५ ठोके, वरून सपाट करायचा आणि कोन सरळ उचलायचा, पिळायचा नाही. खाली ओली, साफ प्लेट हवी. दोनदा केलंत की हात बसतो.

राफ्टची तारीख ठरली की दोन दिवस आधी इथे लिहा. राफ्ट बहुधा पहाटे सुरू करतील, गाड्यांना रस्ता मोकळा मिळतो. ऐरोलीहून कळव्याच्या पुलावरून अर्ध्या तासात पोचतो. कोन आणि प्लेट माझी घेऊन येतो, तुम्ही फक्त टोपी आणि बूट घाला.